आस्ट्रेलियावाल्याचा मग्गा

आमच्या घरात तुरीची डाळ मोजायला एक जर्मनचा मग्गा होता. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. बुलढाण्याकडच्या धाड गावच्या बाजारात जुनी माणसं आजही तसंच म्हणतात. गंमत अशी, की हा जर्मनचा मग्गा होता आस्ट्रेलियातल्या एका शिपायाचा, तो आला होता जपानशी झालेल्या लढाईतून, आणि मोजली त्यानं जन्मभर आमच्या वावरातली डाळ. एका मग्ग्यात चार माणसांचं वरण व्हायचं. पाहुणा आला की आजी दीड मग्गा घ्यायची. त्याच्या बुडाला इंग्रजी दोन अक्षरं आणि पुढं काही आकडे खिळ्यानं खरवडलेले होते. शाळेत मला इंग्रजी वाचता यायला लागलं तेव्हा मी ऐटीत तो नंबर आजोबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "मले पाठ हाय." आणि डोळे मिटून त्यांनी तो धडाधडा म्हटलाही. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

मी एकतीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलं. पोरं मला घाबरायची, आणि साहेब लोकही जरा लांबूनच बोलायचे. माझा हा तडकू स्वभाव आजोबांकडून आलाय असं आजी म्हणायची, आणि आजोबा म्हणायचे की तो आजीकडून आलाय. काही असो. या मग्ग्याच्या बाबतीत मी आयुष्यात जी एक चूक केली ती स्वभावामुळं नाही, आळसामुळं केली. ती सांगायची म्हणून हे लिहिते आहे.

आजोबा पलटणीत गेले ते धाडच्या बाजारातून. आठवडी बाजार होता, ज्वारी घालून बैलगाडी नेली होती. तिथं भरतीवाले आले होते. त्यांनी उंची मोजली, छाती मोजली, आणि संध्याकाळी गाडी ओढत बैल एकटेच घरी आले. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. आजी त्यावर म्हणायची, "बैलायले घर याद होतं. या मानसाले नोह्यतं." पुढं सिंगापूर पडलं, आजोबा जपानी लोकांच्या हाती सापडले, आणि तिथून जहाजात कोंबून त्यांना न्यू गिनी नावाच्या बेटावर हमालीला नेलं. त्या तीन वर्षांबद्दल आजोबा एवढंच बोलायचे, "लय उपास घडले." आजी एकादशी करायची, आजोबांनी मात्र परत आल्यावर कुठलाही उपास कधी केला नाही.

इकडं सरकारचा कागद आला, की शिपाई बेपत्ता आहे. बेपत्ता म्हणजे काय याचा अर्थ गावानं लावला. वर्षभर वाट पाहिली. एवढ्या मोठ्या लढाईत सापडेना झालेला माणूस आता कुठला सापडतो, असं सगळे म्हणायला लागले, आणि त्याला गती मिळायला हवी म्हणून भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करायला सांगितला. आमच्याकडं पळसाला तोटा नाही. पणजोबांनी स्वतः पानं तोडून आणली. पुतळ्याला आजोबांचा सदरा घातला, त्याला अग्नी दिला, दहावं झालं, तेरावं झालं. आजीच्या बांगड्या फोडल्या. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्यानंतर दर पितरपाटात, म्हणजे पितृपक्षात, आजोबांच्या नावानं घास पडायचा.

आणि एका दिवाळीनंतर आजोबा चालत गावात आले.

आता जिवंत माणसाचं आपण दहावं केलं, तर त्याला घरात घ्यायचं कसं? भटजींनी पोथी पाहिली आणि सांगितलं, हा माणूस एकदा गेलेला आहे, याला पुन्हा जन्माला घालावं लागेल. म्हणजे बारसं करायचं, आणि स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. माजघराच्या आढ्याला लुगड्याची झोळी बांधली. पाच फूट आठ इंचाचा पलटणीतला जवान तिच्यात बसवला. गुडघे हनुवटीला टेकलेले, पाय झोळीबाहेर. बायकांनी पाळणा म्हटला आणि आत्यानं कानात कुर्र केलं. नाव तेच ठेवलं, कारण नवं नाव कोणाच्या तोंडात बसलं नसतं. त्या झोळीत बसल्या बसल्या आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "माहा जलम तं झाला तिकडं. बाळंतपन एका आस्ट्रेलियावाल्यानं केलं." भटजींना ते वाक्य आवडलं नाही. आमच्या घरात मात्र ते टिकलं.

त्या आस्ट्रेलियावाल्याची गोष्ट मी आजोबांच्या तोंडून शंभरदा ऐकली असेल. लढाई संपायला आली होती. जपानी मागं हटत होते आणि कैद्यांना तसंच सोडून जात होते. आजोबांच्या बरोबरचे दोघं तिथंच मेले. आजोबा एका पडक्या झोपडीत पडून राहिले, उठायची ताकद नव्हती. बाहेर माणसापेक्षा उंच गवत. त्या गवतातून एक जण बंदूक घेऊन आत आला.

"पिवळा जर्द होता बे! मले वाटलं, कोनाचा नवरदेव हळदीतून उठून आला."

तिकडचे सगळे शिपाई हिवतापाची गोळी रोज खायचे आणि तिनं कातडी पिवळी पडायची, हे मला फार पुढं कळलं. आजोबांना तर ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं. ते त्याला नवरदेवच म्हणायचे. स्वतःच्या दुसऱ्या लग्नात हळद लागली तेव्हा त्यांना त्याचा चेहरा आठवला आणि ते इतके हसले, की आंतरपाटापलीकडून आजीनं विचारलं, "काऊन हसून राह्यले?" नवरीनं मांडवात असं बोलायचं नसतं. पण तिचं ते दुसरं लग्न होतं, तिला कोण काय म्हणणार.

त्या नवरदेवानं आजोबांना पाठुंगळी घेतलं आणि दोन दिवस चालून डोंगर उतरवला. बरोबर त्याचे सोबती होते, ते आळीपाळीनं बंदुका आणि सामान घ्यायचे, पण आजोबांना त्यानं खाली ठेवलं नाही. चिखल घोट्याच्या वर. दर थांब्यावर तो आधी बूट काढायचा, मोजे पिळायचा, बोटांच्या मधली जागा फडक्यानं कोरडी करायचा आणि आजोबांचेही पाय तसेच पुसायचा. त्याचे स्वतःचे पाय ओल्यानं पांढरे पडून सोलले होते. आजोबांना तो चमच्यानं दूध-पाणी द्यायचा, दोनच चमचे, आणि डबा बंद. उपाशी पोटाला एकदम खायला दिलं तर माणूस मरतो, हे त्याला सांगून ठेवलेलं असणार. आजोबांना ते ठाऊक नव्हतं. "म्या त्याले आपल्या बोलीत अशा शिव्या देल्ल्या, अशा देल्ल्या! तो हासे. अन् अजून एक चमचा देये. तिसरा काही देये नाही."

दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, तरी बोलणी शेतीची झाली. त्यानं हातानं गव्हाची उंची दाखवली, पोटरीत आलेला गहू कसा हलतो ते दाखवलं. आजोबांनी ज्वारीचं कणीस दाखवलं. तो म्हणजे कुणी मोठा साहेब नव्हता. त्याच्या बाहीवर फीत नव्हती. त्यानं कुठला किल्ला घेतला नाही. आजोबा म्हणायचे, "आपल्यावानीच, वावरातून उठून आलेला."

खाली दवाखान्याचा तंबू होता. तिथं त्यानं आजोबांना खाटेवर ठेवलं, आपल्या मग्ग्यात चहा केला, साखर इतकी घातली की चमचा उभा राहावा, आणि तो आजोबांच्या हातात दिला. आजोबांचे हात थरथरत होते. चहा हिंदकळायचा, अंगावर सांडायचा. त्यानं खालून मग्ग्याला हात लावून धरला. तेवढ्यात सोबत्यांनी बाहेरून हाका मारल्या, त्यांना परत वर डोंगरावर जायचं होतं. त्यानं एकदा बाहेर पाहिलं, एकदा मग्ग्यात पाहिलं. मग्गा अर्धा भरलेला होता. आजोबांच्या खांद्यावर थोपटून तो निघून गेला.

"माहा चहा होईस्तोवर त्याले थांबता आलं नाही," आजोबा म्हणायचे. "मग्गा माह्यापाशीच राह्यला."

त्या संध्याकाळी डोंगरावरून तोफांचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी खाली स्ट्रेचर यायला लागले. आजोबा कोपरावर उठून एकेका स्ट्रेचरवरचा चेहरा पाहायचे. तो त्यांच्यात नव्हता. काही चेहरे झाकलेले होते. आठवड्यानं आजोबांना जहाजात घातलं आणि ते देशाकडं निघाले.

तेव्हा आजोबांच्या आयुष्यातला प्रश्न एवढाच होता, की तो घरी पोचला का. मोठमोठ्या माणसांना मोठमोठे प्रश्न पडतात. आजोबांना हा एकच पडला होता आणि तो त्यांनी पन्नास वर्षं पुरवला. धाडला नवा पोस्टमास्तर आला की विचारायचे, आस्ट्रेलियाला पत्र कसं टाकतात. पत्ता काय, असं पोस्टमास्तर विचारायचा, आणि आजोबा मग्गा उलटा करून दाखवायचे. मग्ग्याचा कान एकदा निखळला तेव्हा बाजारातला मुसलमान कारागीर म्हणाला, बूडही झिजलंय, नवं लावून देतो. आजोबा त्याच्या अंगावर असे धावून गेले, की तो बिचारा हातोडी टाकून उभा राहिला. खरी हकीकत कळल्यावर त्यानं कान बसवला आणि बुडाच्या अंकांवरची काजळी चिंधीनं पुसून दिली. पुढं तो दर बाजाराला विचारायचा, "क्या चचा, पत्ता लगा?"

घरात यावरून दर सर्वपित्रीला एक भांडण ठरलेलं असायचं. आमच्याकडं त्या दिवशी कढी, वडे, तांदळाची खीर, कोहळ्याची भाजी. गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून आगारी द्यायची, एकेका गेलेल्याचं नाव घ्यायचं, आणि मग पानं वाढायची. आजी दरवर्षी म्हणायची, "एक घास त्या आस्ट्रेलियावाल्याच्या नावानं टाका ना. बिचारा लढाईत गेला असंल."

"गेला हे तुले कोनं सांगतलं?"

"इतके साल झाले."

"माह्या नावानं तुम्ही तीन साल घास टाकले," आजोबा म्हणायचे. "कढी-वडे टाकले. अन् म्या तिकडं उपाशी मरून राह्यलो होतो. जित्या मानसाले घास टाकू नये. पोचत नाही."

यावर आजी निखारे सारखे करायला लागायची. ती रागावायची नाही. तिनं त्या तीन वर्षांचा घास स्वतःच्या हातानं रांधला होता. एकदा मी चुलीपाशी बसले असताना तिनं उलथण्यावरचा वडा फुंकून आजोबांच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या. हा पोचला ना?" आजोबांनी तोंड भाजत तो खाल्ला आणि म्हणाले, "हाव, पोचला." माझ्या आजी-आजोबांनी एकमेकांना किती जीव लावला हे मला विचाराल, तर मी हे एवढंच सांगेन.

आजी आधी गेली. मागून सहा वर्षांनी आजोबा. शेवटचे काही दिवस ते दुपारी निंबाखाली खाटेवर पडून असायचे. मी तेव्हा तिशीला टेकले होते, बुलढाण्याजवळच्या शाळेवर होते, सुट्टीत आले होते. त्यांनी मग्गा मागवला, छातीवर ठेवला आणि म्हणाले, "माय, हे वापस द्याचं राह्यलं. तू शिकेल हायेस. जिता असंल तं देजो. मेला असंल तं आधी पक्कं करजो, तवाच घास टाकजो."

मी हो म्हटलं. आणि मी काही केलं नाही.

कारणं माझ्याकडं भरपूर होती. नोकरी, बदल्या, मुलींची लग्नं, गुडघे. पण खरं कारण वेगळं होतं. मी मनात हिशेब संपवून टाकला होता. आजोबांच्या वयाचा माणूस, तोही लढाईतला, तो आता कुठला असणार? घरात मोबाइल आला, इंटरनेट आलं, शाळेत मी पोरांना त्यावर ज्वालामुखी शोधून दाखवले. तो नंबर शोधायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते सोडून दिलं. मग्गा डाळीच्या डब्यात होता.

दोन वर्षांपूर्वी माझी पुतणी नोकरीला आस्ट्रेलियात गेली. तिनं सहज फोनवर म्हटलं, "आत्या, त्या मग्ग्याच्या बुडाचा फोटो पाठव ना." मी पाठवला. ती दोन अक्षरं म्हणजे तिकडच्या पलटणीच्या भरतीची खूण होती. तिकडच्या सरकारी दप्तरखान्यात त्या लढाईतल्या शिपायांचे कागद सांभाळून ठेवले आहेत, आणि नंबर टाकला की ते पाहायला मिळतात. तिला अर्धा तास लागला.

तो घरी पोचला होता. डोंगरावरून धड खाली आला, लढाई संपल्यावर जहाजानं परत गेला, लग्न केलं, गहू पेरला, म्हातारा झाला. आजोबा गेले त्यानंतरही तो सोळा वर्षं जिवंत होता. नव्वदी पार करून गेला.

सोळा वर्षं. मी फोन कानाला तसाच धरून डब्यातला मग्गा काढला आणि उलटा केला. ती सगळी वर्षं मग्गा माझ्या हाताखाली होता आणि नंबर त्याच्या बुडाला होता. पणजोबांनी पळसाची पानं तोडली म्हणून मी लहानपणी त्यांना हसले होते. मी निराळं काय केलं होतं? जित्या माणसाचा पुतळा करून मोकळी झाले होते, आणि त्यांनी निदान वर्षभर वाट तरी पाहिली होती. मी त्या दिवशी रडले. माझ्या बाबांनी, म्हणजे आजोबांच्या मुलानं, विचारलं तर कांद्याचं नाव सांगितलं. घरात कांदा चिरलेला नव्हता हे बाबांना दिसत होतं.

पुतणीनं त्याची मुलगी शोधून काढली. सत्तरीची बाई, केस पांढरे, व्हिडिओवर बोलली. पुतणी मधे बसून एकीचं दुसरीला सांगत होती. मी पहिलंच विचारलं, तुमच्या वडिलांनी कधी एका हिंदुस्थानी माणसाबद्दल सांगितलं का? पाठुंगळी घेऊन डोंगर उतरवल्याबद्दल? ती बाई म्हणाली, नाही. लढाईबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत.

खरं सांगते, मला राग आला. आमच्या घरात ज्याच्यावरून दरवर्षी भांडण व्हायचं, त्याच्या घरात आमचा मागमूसही नव्हता. मी फोन बाबांकडं देणार होते. तेवढ्यात ती बाई काहीतरी आठवून हसली. म्हणाली, आमच्या वडिलांची एक सवय होती. शेतातून आले की कितीही भूक लागलेली असो, आधी पायरीवर बसायचे, बूट-मोजे काढायचे आणि पायाच्या बोटांमधली जागा फडक्यानं कोरडी करायचे. आम्हा भावंडांचेही पाय पुसायचे. आई वैतागायची.

आजोबा ओसरीवर बसून तेच करायचे. आम्हा सगळ्या नातवंडांचे पाय त्यांनी पुसले आहेत. माझ्या बाबांनी हे पुतणीला सांगितलं, आणि तिनं त्या बाईला. तिकडची बाई ऐकता ऐकता डोळे पुसायला लागली.

पंधरा दिवसांनी तिनं एका कागदाचा फोटो पाठवला. वडिलांचे कागद तिनं आमच्या बोलण्यानंतर पहिल्यांदाच मागवून पूर्ण वाचले होते. त्यात फार काही नव्हतं. शेतमजूर म्हणून भरती. तीनदा हिवताप. एकदा सुट्टीवरून उशिरा आला म्हणून शिक्षा. आणि आजोबा सुटले त्याच महिन्यातली, कुणा कारकुनाच्या बारीक अक्षरातली एक ओळ: हलगर्जीपणानं सरकारी सामान हरवलं, मग्गा, एक. त्याबद्दल आठवडाभर जास्तीचं काम.

त्याला एका शब्दात सांगता आलं असतं, की हरवला नाही, एका माणसाचा चहा व्हायचा होता. तो बोलला नाही. आठवडाभर त्यानं खड्डे खणले असतील नाहीतर भांडी घासली असतील. आणि मी दुसऱ्याच्या आठवणीत आम्ही नाही म्हणून रागावले होते. माझा तडकूपणा त्या दिवशी मला स्वतःलाच आवडला नाही.

यंदा पितरपाटात पुतणी सुट्टी काढून आली. मग्गा ती परत नेणार होती, त्याच्या मुलीला द्यायला. बाबांना ते जड गेलं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, आजी-आजोबांच्या दुसऱ्या लग्नानंतर जन्मलेले, म्हणजे बघायला गेलं तर त्या पाठुंगळीमुळंच जन्मलेले. "डाळ कायनं मोजाची?" असं ते चार दिवस कुरकुरले. पण सर्वपित्रीच्या सकाळी त्यांनीच मग्गा राखेनं घासून चकचकीत केला.

आता पक्कं झालं होतं, आता घास टाकायला हरकत नव्हती. बाबांनी आगारी दिली. आजोबांचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, आणि मग त्याचं. ते नाव त्यांच्या कवळीत बसत नव्हतं, आठवडाभर त्यांनी पुतणीकडून घोकून घेतलं होतं. तिसऱ्या खेपेला बरोबर आलं. आजोबांच्या पानाशेजारी त्याचं पान वाढलं. कढी, वडे, खीर, कोहळं. मी चहा केला, साखर चमचा उभा राहील इतकी घातली, आणि मग्गा भरून त्याच्या पानापाशी ठेवला.

पानं गाईला घातली. मग्गा उरला. चहा फेकायचा कसा, म्हणून बाबांनी तो उचलला. "माह्या बापानं थेंब सांडू देल्ला नसता," ते म्हणाले. बाबांचे हात हल्ली थरथरतात. चहा हिंदकळला, धोतरावर सांडला. पुतणीनं पुढं होऊन खालून मग्ग्याला हात लावून धरला.

तेवढ्यात फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. तिची हीच गाडी होती, बॅग दारात भरून ठेवलेली होती, शेजारच्यांनी बाहेरून हाका मारल्या. तिनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा मग्ग्यात पाहिलं. मग्गा अर्धा भरलेला होता.

"जाऊ दे गाडी," ती म्हणाली. "आबा, सावकाश प्या."

बाबांचा चहा होईस्तोवर आम्ही कुणीच उठलो नाही.